वाचकांनी कृपया लक्ष द्यावे

अण्णांनी मोठ्या ऐटीत बटण दाबलं आणि कॉम्प्युटर गप्प बसला. पडदा उजळला, बाण आला, सगळं आलं. फक्त आवाज आला नाही. शेजारचे मास्तर कान पुढे करून बसले होते, ते तसेच बसून राहिले.

"काय ऐकायचं होतं?" मास्तरांनी विचारलं.

"थांबा हो, बोलेल आत्ता."

तो बोलला नाही. अण्णांनी तो बंद करून पुन्हा सुरू केला, खालून-वरून पाहिला, टपलीसुद्धा मारून पाहिली. मग एकदम त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. आवाज कॉम्प्युटरात घातलेल्या या कार्डात नव्हताच. म्हणजे तो त्या दुसऱ्या कार्डात होता. आणि ते कार्ड सूनबाईंनी ग्रंथालयात नेलं होतं.

अण्णांनी सारी नोकरी बस स्थानकावर घोषणा करण्यात काढली होती. अख्ख्या गावाला त्यांचा चेहरा माहीत नसेल, पण आवाज लहान पोरंसुद्धा ओळखत. निवृत्त झाल्यावर आता कोणासाठी घोषणा करायची, हा प्रश्न त्यांना सतावत होता, तेवढ्यात घरात सून आली. ती ग्रंथालयात हंगामी नोकरीवर होती. तिने अध्यक्षांना पटवून वाचकांसाठी पत्त्यांच्या डबीएवढे छोटे कॉम्प्युटर मागवले होते. त्यांना आपली अशी बुद्धी नसते. नखाएवढ्या कार्डात जे भरून द्याल, तेवढंच त्यांना येतं. म्हणून सूनबाई गेले कित्येक महिने एकच कार्ड घडवत होती. सुरू केलं की थेट पुस्तकांची यादी उघडावी, अक्षरं मोठी असावीत, मराठीत टाइप करता यावं, ज्यांना दिसत नाही त्यांना पुस्तक वाचून दाखवावं. कार्ड मनासारखं झालं की त्याची हुबेहूब नक्कल, म्हणजे इमेज, काढायची आणि ती बाकीच्या सगळ्या कार्डांवर उतरवायची. एकाला जे येतं ते सगळ्यांना येणार.

सासऱ्यांनाही तिने एक कार्ड दिलं होतं, खेळायला. कॉम्प्युटर सुरू होताच 'रक्तदाबाची गोळी घ्या' असं तो बोलेल, हे कसं करायचं तेही शिकवलं होतं. अण्णा ते चटकन शिकले, कारण त्यात माइक होता.

रविवारी दुपारी सूनबाई शेवटची तपासणी करत होती. फोन आला म्हणून ती आत गेली. अण्णांना वाटलं, आपलंच कार्ड लावलेलं आहे. त्यांनी घसा साफ केला आणि अजून न भरलेली गोळीची सूचना बाजूला ठेवून, घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांना ऐकवायला, ग्रंथालयाच्या थाटात एक फर्मास घोषणा भरून टाकली. तीच आज मास्तरांना ऐकवायची होती.

"मास्तर, ग्रंथालयातलं उद्घाटन किती वाजता आहे?"

"आता होईलच की. तुम्ही कपडे नाही बदललेत?"

अण्णांनी सुनेला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मग एका पायात चप्पल आणि दुसऱ्या पायात मुलाचा बूट घालून ते निघाले. जाताना घोषणेतलं एकेक वाक्य त्यांना आठवत होतं आणि दर वाक्याला घाम फुटत होता. आजच्या कार्यक्रमानंतर समितीची बैठक होती आणि सुनेला कायम करायचं की नाही, ते तिथेच ठरणार होतं.

ग्रंथालयाच्या वाचनकक्षात टेबलं ओळीने मांडली होती. प्रत्येक टेबलावर पडदा, त्यामागे ती डबी आणि शेजारी एक चिमुकला स्पीकर. अण्णा कोणाचं लक्ष नाही असं पाहून पहिल्या टेबलाखाली शिरले आणि स्पीकरची वायर उपटली. दुसऱ्याखाली शिरले. तिसऱ्याखाली त्यांना शिपायाचे पाय भेटले.

"अण्णा? काय पडलं का तुमचं?"

"नाही रे. ही वायर जरा... ढिली वाटली."

"हात नका लावू बुवा. सूनबाईंनी बजावलंय, कोणीही आलं तरी वायरींना हात लावू द्यायचा नाही म्हणून." असं म्हणून शिपायाने दोन्ही वायरी जागच्या जागी खोचल्या आणि वर एकेक दाबूनही पाहिली.

तेवढ्यात सूनबाई दिसली. नेहमीच्याच साध्या कपड्यात, हातात कुठल्या तरी चाव्या. अण्णांनी तिला खांबाआड गाठलं.

"अगं, घोटाळा झालाय. कार्डात गडबड आहे."

"काही गडबड नाही, अण्णा. मी सगळं बघितलंय."

"तसं नाही गं, मी रविवारी..."

"अण्णा, प्रमुख पाहुण्या आल्यात. तुम्ही पुढे बसा बघू. आणि तो बूट खुर्चीखाली घ्या."

ती गेली. अण्णांना पहिल्याच रांगेत बसवण्यात आलं. तिथून पळायला वाट नव्हती.

अध्यक्ष बोलायला उभे राहिले. समोर पाहुण्या होत्या, समितीची मंडळी होती, वाचक होते. अध्यक्षांना असा समुदाय दिसला की ते फुलून येत. "ही कल्पना मला एके दिवशी सकाळी फिरताना सुचली," ते म्हणाले. "लोक म्हणाले, जमणार नाही. मी म्हटलं, मी करून दाखवतो. यातला प्रत्येक कॉम्प्युटर माझ्या देखरेखीखाली, माझ्या मार्गदर्शनाखाली सिद्ध झालेला आहे. आमच्या कर्मचाऱ्यांनीही आपापल्या परीने हातभार लावला."

अण्णांनी सुनेकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून शांतपणे ऐकत होती. हातभार! महिनोन् महिने तिने जेवणाच्या ताटाशेजारी कार्डं ठेवून काम केलं होतं. अण्णांची भीती क्षणभर विरघळली आणि त्या जागी नुसता संताप उरला. पण पाहुण्यांनी तेवढ्यात मुख्य बटण दाबलं आणि भीती पुन्हा जागेवर आली.

पडदे उजळले. टाळ्या पडल्या. टाळ्या ओसरल्या आणि पहिल्या टेबलावरून खणखणीत आवाज आला:

"वाचकांनी कृपया लक्ष द्यावे."

लगेच दुसऱ्या टेबलावरून आला, मग चौथ्या, मग सगळीकडून. सारे कॉम्प्युटर काही एकाच क्षणी जागे होत नाहीत. त्यामुळे एकाचं वाक्य संपतंय तोवर दुसऱ्याचं सुरू होत होतं.

"हा कॉम्प्युटर माझ्या सूनबाईंनी... सूनबाईंनी... स्वतः तयार केलेला आहे... केलेला आहे... दुसऱ्या कोणाचाही यात हात नाही... हात नाही... कोणाचाही यात हात नाही... कृपया हात पुसून बसावे... पुसून बसावे..."

मागच्या रांगेतली एक बाई सवयीने पिशवी उचलून उभी राहिली. तिला वाटलं, बस लागली.

मग कोणीतरी हसलं आणि अख्खा वाचनकक्ष हशाने दणाणला. "अण्णांचा आवाज!" "अहो, अण्णाच ते!" अध्यक्षांचा चेहरा असा झाला, की हसावं की शिपायाला बोलवावं हे त्यांना ठरवता येईना. अण्णा खुर्चीत इतके खाली सरकले होते, की पाहुण्यांना फक्त त्यांचा बूट दिसत होता.

पाहुण्यांनी डोळे पुसले आणि माइक ओढून घेतला. "या सूनबाई आहेत तरी कुठे? मला भेटायचंय त्यांना."

भिंतीजवळून ती पुढे आली. पाहुण्यांनी विचारलं, अक्षरं मोठी कशी केली, वाचून दाखवण्याची सोय कुठून आली, एक बिघडला तर काय करणार. तिने सगळं सांगितलं, न अडखळता. कार्ड बदलायचं, झालं. सगळी कार्डं सारखीच आहेत. मागे कोणी हसत नव्हतं आता. सगळे ऐकत होते.

अध्यक्ष मात्र मुरलेले गृहस्थ. त्यांनी दोन पावलं पुढे टाकून तिच्या शेजारी जागा पटकावली. "अहो, या अण्णांच्या कसल्या, या तर आमच्या ग्रंथालयाच्याच सूनबाई!" इतकं जाहीर बोलून गेल्यावर तिला हंगामी ठेवणं त्यांनाच जड गेलं असतं. बैठक चहा संपायच्या आत आटोपली आणि ती कायम झाली.

संध्याकाळी घरी अण्णा तिच्यासमोर मान खाली घालून बसले.

"चुकलो गं. माझ्या मूर्खपणामुळे तुझी नोकरीच जायची वेळ आली होती. आता सगळी कार्डं पुन्हा करावी लागतील तुला."

"कशाला? वाचकांना आवडलंय."

"पण तुला काही कळलंच कसं नाही? एवढी तपासतेस..."

सूनबाई चहाचे कप उचलत होती. ती थांबली.

"इमेज उतरवायच्या आधी मी कार्ड नेहमी एकदा सुरू करून बघते, अण्णा."

अण्णांनी मान वर केली. "म्हणजे... तू ऐकलं होतंस?"

"दोनदा. आवाज जरा बारीक होता, तो वाढवला. आणि 'माझ्या सूनबाईंनी' म्हटल्यावर तुम्ही मधेच खोकला होतात, तेवढं कापलं."

अण्णा बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"तो खोकला नव्हता," ते म्हणाले.

"माहितीय मला," ती म्हणाली आणि कप घेऊन आत गेली.