रामटेक्यांचे कब्जे

रामटेके माणसाकडे नंतर बघतात, आधी त्याच्या दाराच्या बिजागरीकडे बघतात. माझ्या मुलीला बघायला पाहुणे आले होते, तेव्हा शेजारधर्म म्हणून त्यांनाही चहाला बोलावलं. नवरा मुलगा सोफ्यावर बसलेला आणि रामटेके स्वयंपाकघराच्या दारापाशी उकिडवे बसून दार उघडत, लावत, कान देऊन ऐकत होते. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "काही हरवलं का?" रामटेके म्हणाले, "हे कब्जे कोणी बसवले? खालचा सूतभर पुढं हाय." ते स्थळ जमलं नाही. कब्ज्यांमुळे फिसकटलं असं नाही, पण माझी बायको अजून तसंच समजते.

बिजागरीला आमच्या नागपुरात कब्जा म्हणतात. रामटेक्यांनी अख्खी नोकरी जमीन मोजणीत काढली. कुहीकडच्या शेतांच्या धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, साखळी टाकून कोणाचा कब्जा कुठवर, हे आयुष्यभर लोकांना सांगितलं. निवृत्तीनंतर माणसानं जरा मोकळं व्हावं, तर यांनी शब्द तोच ठेवला, फक्त वस्तू बदलली. शर्टाच्या खिशात टेप, पँटच्या खिशात नमुन्याचे दोन कब्जे. चालताना हा माणूस वाजतो. "आधी माप, मंग बात," हे त्यांचं ब्रीद. मापं त्यांनी उदंड घेतली. बात काही पुढं सरकत नव्हती.

झालं असं की, उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्यांच्या बाथरूमचं दार खालून सडलं. शहाण्या माणसाला हे दोन दिवसांचं काम. दार आणायचं, मिस्त्री बोलवायचा, विसरून जायचं. रामटेक्यांनी दार आणलं, मिस्त्री बोलावला, त्यानं आणलेले कब्जे उलटेपालटे करून पाहिले आणि त्याला चहा पाजून परत पाठवलं. मग नवं दार अडीच महिने हॉलमध्ये कूलरला टेकून उभं आणि बाथरूमला चौकडीची चादर. बायको जाऊन चार वर्षं झालेली, मुलगी हैदराबादला. त्या चादरीवरून बोलायला घरात कोणी नव्हतं. ते काम आमच्या लेआउटनं, म्हणजे अख्ख्या कॉलनीनं, आनंदानं अंगावर घेतलं, आणि खोटं कशाला सांगू, त्यात मी पुढं होतो.

"काहून लावत नाही गा दार?" मी रोज विचारायचो.

"कब्जा भेटून नाही राहिला."

"इतवारीत पोत्यानं भेटतात."

"भेटतात न. माझा नाही भेटत."

शेवटी एका दुपारी मीच त्यांना स्कूटरवर बसवून इतवारीत नेलं. हातठेल्यांमधून वाट काढत एका हार्डवेअरच्या दुकानात पोचलो. दुकानदारानं पितळेचे, स्टीलचे, स्प्रिंगचे असे डझनभर कब्जे काउंटरवर मांडले. रामटेक्यांनी एकेक उचलून त्याची मधली सळई अंगठ्यानं वर ढकलून पाहिली.

"ही निघत नाही."

"निकलनी नहीं चाहिए, इसीलिए तो ठोकी है," दुकानदार म्हणाला.

"मले निघणारी पाहिजे. दार बाहेर उघडन, कब्जे बाहेरून राहतीन. आतून कडी असली तरी बाहेरच्यानं सळया ओढल्या की दार हातात आलं पाहिजे. हातोडी न घेता."

दुकानदाराचा हात थांबला. त्यानं आधी रामटेक्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "घर आपका ही है ना, अंकल?"

मी दोन पावलं बाजूला सरकलो आणि रंगाच्या डब्यांवरचे भाव वाचू लागलो.

परतताना मी वैतागून म्हटलं, "कडीच लावू नका न. घरात एकटे तं राहता."

मागून रामटेके म्हणाले, "कडी न लावता आंघोळ? माणसात राहतो गा मी."

हे वाक्य मी संध्याकाळपर्यंत लेआउटभर पोचवलं. लोक पोट धरून हसले.

कब्जा सापडला शहराबाहेरच्या वाडीला. तिथल्या गोदामांपुढे उभ्या ट्रकच्या मागच्या फळीला सुटी सळई असते, ती ओढली की फळी खाली येते. रामटेक्यांना ती दिसली. तिथल्या वेल्डिंगवाल्यापाशी तीन दिवस बसून त्यांनी तसेच तीन छोटे कब्जे करून आणले, प्रत्येक सळईला वर बोट घालायला गोल कडं. मी बायकोला म्हटलं, आता दारामागं 'हॉर्न प्लीज'ही लिहितील.

दार बसलं त्या रविवारी सकाळी त्यांनी मला बोलावलं. हसायला आणखी काहीतरी मिळेल म्हणून मी गेलो.

"मी आत जातो, कडी लावतो," ते म्हणाले. "मी काही बोलणार नाही. तुमी दार काढा."

कडी लागली. मी वरची सळई ओढली, मग मधली, मग खालची. दार कब्ज्यांच्या बाजूनं माझ्याकडे आलं, दुसऱ्या बाजूची कडी आपसूक खाचेतून सुटली. आत रामटेके कोरड्या फरशीवर, भिंतीला टेकून, पाय पसरून पडले होते. डोळे मिटलेले. माझ्या हातात ते दार तसंच राहिलं.

त्यांनी एक डोळा उघडून मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "पाऊण मिनिट. चालते."

"हा काय तमाशा हाय?"

"आमच्या ऑफिसातला ढोके," उठता उठता ते म्हणाले. "मागच्या हिवाळ्यात बाथरूममंदी पडला. दार आत उघडणारं, अन् हा दाराला अडून पडलेला. दार तोडता तोडता अर्धा तास गेला. हाती नाही लागला. घरात पाच जण होते त्याच्या." त्यांनी पँट झटकली. "माझ्याकडं तुमीच आहा."

मी दार परत चौकटीला लावायला लागलो.

"जोर नका लावू," रामटेके म्हणाले. "तुमच्या कमरेचं पाहूनच हलकं प्लास्टिकचं घेतलं. तुमी घरी नसले तं वहिनीलेही जमलं पाहिजे. एकदा त्यायच्या हातून करून पाहू."

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती हातातलं काम टाकून गेली. दोनदा दार काढलं, दोनदा लावलं आणि परत आली तेव्हा त्यांच्या पुढच्या दाराची चावी तिच्या मुठीत होती. ती तिनं देवघराच्या खिळ्याला अडकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडे कडी लागल्याचा आवाज आला, मग बादलीत पाणी. मी पेपर उघडून बसलो होतो. अंगावर पाणी पडलं, थांबलं, पुन्हा पडलं. बायको चहा घेऊन स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिली. मधे बराच वेळ काहीच ऐकू येईना, तेव्हा तिनं कप खाली ठेवला.

मग रामटेके खाकरले आणि कडी निघाली. मी तोवर पहिल्याच बातमीवर होतो.