प्रमाण, अप्रमाण आणि शेवटची वडी

आपल्याला जिवापाड आवडणारी गोष्ट दुसऱ्याला चुकीच्या कारणाने आवडावी, हे माणसाला सहन होत नाही. याच कारणाने राज्यं बुडाली, आणि याच कारणाने मिनेसोटातल्या एल्क बेंड गावचं तारागस्त रसिक मंडळ आजवर टिकून आहे.

तारागस्त ही पूर्वी टीव्हीवर लागणारी अंतराळयानाची मालिका. भाग एकूण एकेचाळीस (मंडळाच्या मते चाळीस. विसावा भाग कधी झालाच नाही, असं १९९८ साली बहुमताने ठरलं). तिच्या पोटी पुढे तीन कार्टून मालिका जन्मल्या. ‘राख’मध्ये सगळे मरतात. ‘तळमजला’मध्ये यानातले सफाई कामगार विनोद करतात. ‘पिटुकली’मध्ये एक लहानसा रोबो शिंकतो आणि त्याच्या नाकातून नटबोल्ट उडतात.

या तिघींची तुलना करणं हे मंडळाचं मुख्य कार्य. गेल्या वर्षी तुलनेवर सत्याऐंशी तास खर्च झाले आणि बघण्यावर दोन (पैकी पाऊण तास वायर सापडत नव्हती). यात गैर काहीच नाही. घटनेचं कलम दोन स्पष्ट आहे: सभासदाचं मत ठाम असावं, पाहणं ऐच्छिक.

मंडळात नऊ जण. तिन्ही कार्टून अथपासून इतिपर्यंत पाहण्याचा आगाऊपणा त्यांतल्या एकीनेच केला होता. ती म्हणजे चिटणीस लोर्ना हेगस्टाड. तिची मुलगी सॉल्वेग सहा वर्षांची असताना पाय मोडून प्लास्टरात पडली होती, तेव्हा मायलेकींनी मिळून ‘पिटुकली’ तीनदा पाहिली. आता सॉल्वेग सिअ‍ॅटलला नर्स आहे. तीन नाताळ ती घरी आली नव्हती. दोघींचं काय बिनसलं ते आता दोघींनाही धड आठवत नव्हतं, म्हणूनच ते मिटतही नव्हतं. पण गेल्या आठवड्यात तिने लिहिलं, “मंडळाच्या वार्षिक खेळात आपलं कार्टून दाखवणार असाल तर येते.” लोर्नाने लगेच कळवलं, “दाखवणार तर!” सॉल्वेगने तिकीट काढलं.

आणि शनिवारी सकाळी, वाचनालयाच्या तळघरात, अध्यक्ष आर्लन व्हॉक्सलँड यांनी ठराव मांडला: ‘पिटुकली’ अप्रमाण, म्हणजे खऱ्या तारागस्तमध्ये न धरण्याजोगी, घोषित करावी आणि मंडळाच्या पडद्यावर ती कधीही दाखवू नये.

“कुणाला दुखवायचं नाहीये हं,” आर्लन म्हणाला. हिमवर्षावात तीस वर्षं रस्ते साफ केलेला माणूस. समोर आलेलं बाजूला सारायची त्याला सवयच.

“माझं काहीच म्हणणं नाही,” त्या दिवशीच्या वड्या करून आणणारी डॉटी म्हणाली. “ते कार्टून... वेगळंच आहे हं.”

एल्क बेंडमध्ये यापेक्षा कडक शब्द नाही. आर्लनच्या भावजयीने भट्टीत भाजून आणलेल्या हॉटडिश नावाच्या पदार्थाला कुणीतरी ‘वेगळंच आहे हं’ म्हणालं होतं, तर तिने गाव सोडलं (नवरा इथेच राहिला, त्यालाही ती हॉटडिश वेगळीच वाटायची).

“अगं डॉटी, तू कितवा भाग पाहिलास?” लोर्नाने विचारलं.

“बघायला कशाला हवं? पोस्टर पाहिलंय की!”

“लोर्ना, कलम दोन,” आर्लनने हळूच आठवण करून दिली.

लोर्नाने माना मोजल्या. आठ डोलत होत्या.

आता कलम नऊ सांगायला हवं. ट्रेमध्ये खाणं शिल्लक असेपर्यंत सभा संपवता येत नाही. ट्रे रिकामा झाला की ती त्याच क्षणी संपते आणि अर्धवट ठराव वर्षभर बाद होतो. उरलेलं खाणं कुणाच्या गळ्यात पडू नये, एवढाच कलमाचा हेतू. पण शेवटचा तुकडा उचलणं इथे कुणाच्याच रक्तात नाही. जो तो त्यातला अर्धा कापून घेतो, पुढचा त्याच्या अर्ध्यातला अर्धा. एका वार्षिक सभेत लिंबाच्या वडीच्या बत्तिसाव्या हिश्शाने चाळीस मिनिटं कामकाज चालवलं होतं. शेवटचा तुकडा आख्खा खाल्ल्याची नोंद इतिवृत्तात कुठेच नाही.

ट्रेमध्ये डॉटीच्या लिंबाच्या वडीचा हरभऱ्याएवढा तुकडा उरला होता. शेजारी सुरी.

“ठरावाच्या बाजूने जे असतील त्यांनी हात—” आर्लन म्हणाला.

लोर्नाने हात वर केला नाही. खाली नेला. सुरीला न शिवता तिने तुकडा उचलला आणि तोंडात टाकला.

आठ हात अर्ध्यावर थांबले.

“लोर्ना,” डॉटी म्हणाली, “भूक लागली होती वाटतं?”

“हो ना गं. मस्त झाल्यात वड्या.”

आर्लनने रिकाम्या ट्रेकडे पाहिलं, मग घटनेकडे. “सभा संपली,” तो म्हणाला. कोट घालताना लोर्नाशी कुणी बोललं नाही. दार मात्र सगळ्यांनी तिच्यासाठी धरून ठेवलं. हे जास्त वाईट.

इतिवृत्त लिहिणं चिटणिसाचं काम. तिने प्रामाणिकपणे लिहिलं: ‘चिटणिसांनी शेवटचा तुकडा खाल्ला. वेगळंच आहे हं.’ मग सॉल्वेगला कळवलं, “तुझी खोली झाडून ठेवते.”

आता राहिलात तुम्ही. हसलात, ठीक आहे. पण तिन्हींपैकी एकही कार्टून न पाहता तुम्ही एव्हाना ‘पिटुकली’ची बाजू घेतलेली आहे, आणि ‘राख’ टुकार असणार याबद्दल तुमच्या मनात शंका नाही. कलम दोननुसार तुम्ही सभासदत्वाला पूर्ण पात्र ठरता. अर्ज वाचनालयात मिळतो.

येताना वड्या आणा. सुरी तिथे आहे.