हिराचंदतात्यांचं गाळणं

शाळा तपासायला आलेल्या साहेबाला हिराचंदतात्यांनी दारातच अडवलं होतं. उंबऱ्यावरून मुंग्या चालल्या होत्या. "जरा दम धरा साहेब, त्यांचं बिऱ्हाड चाललंय." साहेबानं टोपी काढून घाम पुसला आणि शेवटची मुंगी जाईपर्यंत उभा राहिला.

बारामतीच्या त्या जैन पाठशाळेत मी इंग्रजी आणि गणित शिकवायला लागलो, ते एका वर्षाच्या कच्च्या नेमणुकीवर. आमचं घर कळस गावचं. वडील पिंजारी. गावोगाव हिंडून गाद्यांचा कापूस पिंजायचे. ज्या साली लोकांनी गाद्या भरल्या नाहीत, त्या साली आम्ही कण्यांवर दिवस काढले. कापसाच्या धुळीनं त्यांची छाती भरली आणि मी बी.ए. झालो. हे सांगायची मला लाज वाटत नाही.

शाळेत सगळे एकमेकांचे आतेभाऊ, मामेभाऊ, नाहीतर व्याही. कुणाचाच कुणी नसलेला मी एकटा.

तात्या तिथले सुपरिंटेंडेंट. स्वयंपाकघर, वसतिगृह आणि विहीर त्यांच्या ताब्यात. दिवस मावळायच्या आत मुलांची जेवणं उरकली पाहिजेत, म्हणून माझा भूमितीचा तास रंगात आला की खिडकीत त्यांचं डोकं यायचं. "मास्तर, त्रिकोण ऱ्हाऊ द्या. सूर्य चाललाय."

पाण्याच्या बाबतीत तर विचारूच नका. पाणी दुहेरी कापडातून गाळायचं आणि कापडाला चिकटलेले, कुणाला न दिसणारे जीव त्याच विहिरीत अलगद परत सोडायचे. एकदा एका मुलानं ते जवळच्या हौदात झटकले, तर तात्या दिवसभर जेवले नाहीत. "परक्या पाण्यात कसं ऱ्हावं त्यांनी?"

मी माझी सुरई रोज सकाळी माझ्या गल्लीतल्या, मशिदीजवळच्या विहिरीवर भरून आणायचो आणि शाळेच्या ओसरीत कोपऱ्यात ठेवायचो. तसं मला कुणी सांगितलं नव्हतं. कुणी सांगायची वेळ येऊ नये, एवढंच.

वर्ष संपलं. मला कायम करायचं की कळसला परत पाठवायचं, हे ठरवायला समिती बसली. मला आत बोलावलं. एक शेठ म्हणाले, "मास्तर गुणाचा आहे, त्यात वाद नाही. पण शाळेच्या ओसरीत बसून न गाळलेलं पाणी पितो. पोरं बघतात."

खरंच होतं. 'उद्यापासून शाळेत पाणी पिणार नाही,' असं म्हणायला मी तोंड उघडणार, एवढ्यात दारातून तात्या बोलले.

"कोण म्हणतं गाळलेलं न्हाय? रोज गाळतोय मी. मास्तर पहिल्या तासाला गेले की."

शेठ हसले. "आणि त्यातले जीव? आपल्या विहिरीत?"

"छ्या! तितले तितं नेऊन सोडतो."

"मशिदीच्या विहिरीवर? रोज?"

"व्हय. दुपारचं. वाट जवळच हाय."

वाट जवळ नव्हती. चांगली पाऊण मैल होती, आणि वैशाखातलं ऊन होतं.

"तिथले लोक काय म्हणत असतील, तात्या?"

"म्हातारा येडा हाय म्हणतात. हितंबी तेच म्हणतात की."

अध्यक्षांना हसू आवरेना. मला मात्र वर बघवेना.

बैठक उठल्यावर मी तात्यांना ओसरीत गाठलं. "मला कधी बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर तुमी लाजून पाणी आणायचं सोडलं असतं. मग उन्हाळ्यात काय करणार होता?"

मी म्हटलं, आता मी स्वतः गाळीन, संध्याकाळी घरी जाताना ते जीवही सोडीन. तुमचा हेलपाटा वाचेल.

तात्या घाईघाईनं म्हणाले, "नको, नको. ते माझ्याकडंच ऱ्हाऊ द्या." मग पंच्यानं उगाच चष्मा पुसत बसले. "बायको गेल्यापासून घरी कोण न्हाय, मास्तर. हितं सगळे मला सुपरिंटेंडेंट म्हणतात. तितं पाण्यावरच्या पोरी 'चाचा, आलात का?' म्हणून इचारतात."

मी पुन्हा तो विषय काढला नाही.

समितीनं मला त्याच महिन्यापासून कायम केलं. दर महिन्याचा पगार घरी आणणारा आमच्या घराण्यातला मी पहिला माणूस.