स्थानिकांसारखे राहण्याचा खर्च

गरिबीत सुखाने राहायचे असेल तर पेन्शन परदेशी चलनात असावी लागते. हे सत्य थायलंडमधल्या आमच्या नोंग खाय शहरात आता सर्वमान्य झाले आहे. इथेच जन्मलेल्या आम्हा लोकांना मात्र ते साधले नाही. मी पोस्टात बत्तीस वर्षे शिक्के मारले आणि निवृत्त झाल्यावर घरामागे चार खोल्या बांधून भाड्याने दिल्या. आमची गरिबी अजून साधीच आहे, तिचे व्हिडिओ कोणी काढत नाही.

खोली क्रमांक तीनमध्ये एमरिस राहतो. वेल्समधल्या कुठल्याशा नगरपालिकेत तो पार्किंगच्या दंडाविरुद्ध आलेले अर्ज फेटाळत असे. (एकोणीस वर्षांत एकही अर्ज मंजूर झाल्याची नोंद नाही.) सहा वर्षांपूर्वी तो आमच्याकडे आला आणि 'मी स्थानिकांसारखा राहतो' हे त्याचे आवडते वाक्य झाले. भाडे वाढवण्याचा विषय मी काढला की तो मला लेखी अर्ज द्यायला सांगतो. मी आजवर पाच दिले.

"अहो, घर आपलं, खोली आपली, आणि अर्ज तुम्ही करता?" माझी बायको प्रपाय म्हणते. "पोस्टात डोकं पार चिकटवून आलात की काय?"

मेकाँगच्या काठी कॉफीचा एक गाडा आहे. तिथे दर महिन्याच्या एक तारखेला परदेशी रहिवाशांचे मितव्यय मंडळ भरते. सभासद चौदा. प्रत्येकाने गेल्या महिन्याचा खर्च जाहीर करायचा आणि ज्याचा आकडा सर्वांत कमी, त्याने अध्यक्षाच्या खुर्चीत बसायचे. (गाड्यावर पाठ असलेली खुर्ची एकच आहे. बाकीच्यांना प्लास्टिकची स्टुले.) बिअर खर्चात धरत नाहीत, कारण ती हवामानामुळे लागते. दंतवैद्य धरत नाहीत, कारण दात मायदेशातच खराब झालेले असतात. देत्लेफ नावाच्या जर्मन सभासदाने फ्रिज बंद करून आपले लोणी शेजारणीच्या फ्रिजमध्ये ठेवले, तेव्हा मंडळाने त्याच्या अभिनंदनाचा ठराव केला. पण खुर्ची एमरिसचीच. महिना नऊ हजार नऊशे चाळीस बाट हा त्याचा आकडा एकतीस महिने कोणाला मोडता आला नव्हता, आणि त्या खुर्चीवर त्याचा फार जीव होता.

आता आमचे ऐका. तांदूळ, मासे, वीज आणि नातवाची फी एवढ्यात आमचेही भागले असते. पण आमच्याकडे लिफाफे येतात. लग्न असो, मयत असो, कोणाचा मुलगा भिक्षू होणार असो की देवळाचे काम निघो, छापील लिफाफा दारात येतो, त्यावर आपले नाव लिहिलेले असते. त्यात पैसे घालून परत द्यायचा. देवळाचा लिफाफा असेल तर नाव आणि रक्कम भोंग्यावरून वाचून दाखवतात. गेल्या हिवाळ्यात आमच्या घरी महिन्याला सरासरी सहा पूर्णांक चार दशांश लिफाफे आले. एमरिसला सहा वर्षांत एकही आला नव्हता. गल्लीच्या लेखी तो अजून विमानतळावरच उभा होता.

यंदा देवळाच्या घंटाघराच्या छपराचे काम निघाले. बुनलर्त हा आमचा न्हावी आणि देवळाचा भोंगा, दोन्ही. त्याने तीन नंबरच्या दाराखालून लिफाफा सरकवला: 'मिस्टर एमरी आणि कुटुंब.' एमरिसला इतका आनंद झाला की त्याने लिफाफ्याचा फोटो काढून वेल्सला बहिणीला पाठवला. मग तो दाढी करायच्या निमित्ताने बुनलर्तकडे गेला.

"स्थानिक लोक किती घालतात?"

"मन म्हणेल तेवढं."

"मनाचा साधारण दर काय चाललाय?"

"मान हलवू नका, कान कापला जाईल," बुनलर्त म्हणाला.

एमरिसची अडचण खरी होती. देवळाचा भोंगा नदीकडे तोंड करून आहे, म्हणजे गल्लीलाही ऐकू येतो आणि कॉफीच्या गाड्यालाही. वीस बाट घातले तर गल्लीत नाक कापले जाणार. पाचशे घातले तर मंडळात खुर्ची जाणार. तो दोन दिवस धड जेवला नाही. (त्यामुळे महिन्याचा आकडा आणखी ऐंशी बाटांनी खाली आला.) शेवटी प्रपायने त्याला अंगणातच गाठले.

"सहा वर्षं माझ्या हातची पपईची कोशिंबीर ओरपतोस, आणि देवळाला द्यायची वेळ आली की हात आखडतोस? थोडी तरी लाज बाळग रे!"

एमरिसने पाचशे घातले आणि लिफाफ्यावर लिहिले, 'कृपया नाव जाहीर करू नये.' बुनलर्त शब्दाचा पक्का. भोंग्यावरून तो म्हणाला, "नाव सांगू न इच्छिणारे एक भाविक, प्रपायबाईंच्या मागची खोली नंबर तीन, उंच, नाक लाल, पाचशे बाट! साधू, साधू!"

एक तारखेला खुर्चीत देत्लेफ बसला. इकडे गल्लीने मात्र एमरिसला आपले मानले. पंधरा दिवसांत त्याला अकरा लिफाफे आले, त्यातले दोन अशा लोकांच्या मयतीचे, ज्यांना त्याने जिवंतपणी पाहिलेही नव्हते. महिन्याचा आकडा चौदा हजार तीनशेवर गेला.

"दादा, आता मी खरोखर स्थानिकांसारखा राहतो," तो मला म्हणाला, "आणि मला ते परवडत नाही."

जिथे कोणी ओळखत नाही अशा दुसऱ्या गावी जायचे त्याने ठरवले, तिकीटही काढले. मला खरेच वाईट वाटले. प्रपायने त्या दिवशी त्याच्या भातावर दोन अंडी घातली.

कोणी गाव सोडून निघाला की आम्ही त्याच्या मनगटाला पांढरा दोरा बांधतो आणि दोऱ्यात नोट खोचतो, वाटेत उपयोगी पडावी म्हणून. महिनाअखेरीस शहात्तर घरची माणसे आली. एमरिसचे दोन्ही हात कोपरापर्यंत दोऱ्यांनी भरले. तो लहान मुलासारखा रडला. मग डोळे पुसून त्याने नोटा मोजल्या. पंधरा हजार दोनशे.

दुसऱ्या दिवशी एक तारीख होती. मंडळात त्याने आपला आकडा वाचला, "उणे नऊशे." शून्याखाली जगणारा पहिला सभासद म्हणून सर्वजण उभे राहिले आणि देत्लेफने मुकाट्याने खुर्ची सोडली. एमरिसने तिकीट रद्द केले आणि धावतच घरी आला.

"वहिनी, मी राहतोय! कायमचा!"

"बरं झालं," प्रपाय म्हणाली, आणि आतून वही घेऊन आली. "मग हे उतरवून घे. कुणी किती बांधलं ते यात आहे. ज्याच्या घरी जे कार्य निघेल, त्याला तेवढं परत द्यायचं. थोडं वर चालेल, खाली नाही."

"शहात्तर घरांना? आणि मी गेलो असतो तर?"

"गेला असतास तर तो आशीर्वाद होता. राहिलास ना, आता तो व्यवहार झाला."

लग्ने आणि मयती यांचे गल्लीतले प्रमाण पाहता, माझ्या अंदाजाने एमरिस वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी मोकळा होईल. सध्या तो त्रेसष्ट वर्षांचा आहे आणि तब्येत जपतो. मंडळात जाणे त्याने सोडले. संध्याकाळी माझ्या शेजारी ओट्यावर बसून तो महागाईला शिव्या देतो, तेही आमच्या भाषेत, आणि आमच्याइतक्याच चवीने.

खोली क्रमांक चार सध्या रिकामी आहे. नऊ हजार नऊशे चाळीसला आपल्या चलनाने मनातल्या मनात गुणून झालेल्या वाचकांसाठी ही सूचना. खोली हवेशीर आहे, नदी दिसते, आणि स्वस्तात राहता येते. अट एकच: घरच्या लग्नात कोणी किती आहेर केला याची यादी ज्यांनी कपाटात जपून ठेवलेली नाही, अशांनीच अर्ज करावा. (अद्याप एकही अर्ज आलेला नाही.)