आईच्या खिडकीतला दिवा

ज्या घरात आपण राहत नाही, त्या घरातलाही दिवा ज्याला लावता येतो तो माणूस प्रगत. या कसोटीवर मी तीन वर्षांपासून प्रगत आहे. मी देशाच्या दक्षिण टोकाला, माल्मो शहरात राहतो. आई बाराशे किलोमीटर उत्तरेला, उमिओत.

तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत एक दिवा असतो. (आमच्याकडे सगळ्यांच्याच असतो. डिसेंबरात दुपारी दोनला अंधार पडतो, दुसरं करणार काय?) पूर्वी ती तो हाताने लावायची. समोरच्या इमारतीतले बर्टिलकाका तो पाहून आपला लावायचे. न बोलता दोघांचं ठरलेलं होतं: दिवा लागला, म्हणजे माणूस ठीक. ही पद्धत फारच मागासलेली होती. तिला माणूस लागायचा.

मी स्मार्ट दिवा बसवला. आईच्या घरात असलो की हुकूम तिथल्या वायफायवरून जातो. माल्मोहून सोडला, तर आधी परदेशातल्या कुठल्याशा संगणकाकडे जातो, तिथून उमिओला येतो आणि आईच्या हातापासून वीतभर अंतरावरचा दिवा लावतो. याला सोय म्हणतात.

अडचण एकच होती: आई. सवयीने ती वायरवरचं बटण बंद करायची आणि माझ्या फोनवर यायचं, ‘दिवा संपर्कात नाही’.

“आई, बटण चालू कर बघू.”

“कशाला? उजेड आहे की अजून.”

“म्हणजे मला इथून दिवा बंद करता येईल.”

“अरे स्टेलान, बंदच आहे तो!”

“तसा नाही गं. नीट बंद.”

“तुझे बाबा बरे होते. नुसते घोरायचे.”

शेवटी मी बटणावर चिकटपट्टी लावली. त्यानंतरची आकडेवारी बोलकी आहे. दिवा वेळेवर लागण्याचं प्रमाण: शंभर टक्के. आईला फोन: आठवड्यातून दोनदा होता, तो महिन्यातून एकदा. (दिवा दिसतोय, तर उगाच त्रास कशाला?)

गेल्या डिसेंबरात, गुरुवारी सकाळी नऊला, आई स्वयंपाकघरात पडली. खुबा मोडला. दुपारी दोनला ठरवून दिल्याप्रमाणे दिवा आपोआप लागला. बर्टिलकाकांनी पाहिला आणि निश्चिंत होऊन आपला लावला. मी फोनवर पाहिला आणि निश्चिंत होऊन कामाला लागलो. यंत्रणेने कुठेही कुचराई केली नाही.

शुक्रवारी दुपारी तीनला मात्र दिवा संपर्काबाहेर गेला. मी भडकलो. आई फोन उचलेना, म्हणून बर्टिलकाकांना लावला. त्यांच्याकडे किल्ली असते.

“काका, जरा जाऊन आईचं बटण चालू करा. तिने चिकटपट्टी काढलेली दिसतेय.”

दहा मिनिटांनी त्यांचा फोन आला.

“काढलीय खरी. दातांनी. कालपासून जमिनीवर पडलीय रे ती. दिवा विझवायला सरपटत वायरपर्यंत आली. रुग्णवाहिका बोलावलीय.” मग म्हणाले, “बटणाचं काय? करू चालू?”

आई आता चालते. माझ्याशी बोलते कमी. त्या दिवसाची नोंद फोनमध्ये आहे: दिवा चाळीस मिनिटं संपर्काबाहेर. आई तीस तास होती, त्याला तिथे रकाना नाही. मला लाज वाटते, त्यालाही नाही.

हे वाचून तुम्हाला तुमच्या आईची आठवण आली असेल. लगेच फोन करायची घाई नको. सकाळी तिचा फुलांचा मेसेज आला होता ना? मग ठीकच असेल.