नग एकशे दहा

"यातली एकसुद्धा वाया जाणार नाही," असं लेबलसाहेबांनी रविवारी दुपारी फ्रिजचं दार उघडं धरून जाहीर केलं, तेव्हा ऐकायला घरात फक्त त्यांचे सासरे होते आणि सासऱ्यांचं तोंड भरलेलं होतं.

लेबलसाहेब हे नाव लॅबमधल्या लोकांनी ठेवलेलं. रक्ताच्या नळ्या, काचपट्ट्या आणि बरण्यांवर स्टिकर लावण्यात त्यांची एकवीस वर्षं गेली होती, आणि एकवीस वर्षांत एका माणसाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर गेलं नव्हतं. हा अभिमान ते संध्याकाळी लॅबमध्येच ठेवून आले असते तर बरं झालं असतं. पण तो त्यांच्याबरोबर घरी यायचा. किल्ल्यांवर स्टिकर, चार्जरवर स्टिकर, छत्रीच्या दांड्यावर विकत घेतल्याची तारीख. एक दिवस मला स्टिकर लावलात तर मी माहेरी जाईन, असं बायकोने बजावून ठेवलं होतं. त्यात सध्या फारशी धमकी उरली नव्हती, कारण माहेरच त्यांच्याकडे राहायला आलेलं होतं. सासूबाईंचं ऑपरेशन झालं होतं आणि विश्रांतीसाठी त्या नवऱ्यासकट लेकीकडे मुक्कामाला होत्या. त्या रविवारी मात्र मायलेकी मावशींकडे दोन दिवस गेल्या होत्या, आणि सासरे-जावई घरात मोकळे होते.

मोकळे पुरुष बाजारात जातात, तसे हे गेले. कोपऱ्यावर एक बागवाली टेम्पो लावून ब्लूबेऱ्या विकत होती. लेबलसाहेबांनी तिला इतके प्रश्न विचारले की शेवटी तिने त्यांना विद्याच देऊन टाकली. फळावर जी पांढरट भुकटी दिसते ती धूळ नव्हे, ती फळाची स्वतःची. ती शाबूत असली म्हणजे माल ताजा. डबा उलटा करून तळ बघायचा, ओला जांभळा डाग असेल तर आत फुटलेली आहेत. हलवून बघायचं, मोकळी घरंगळली पाहिजेत. लेबलसाहेबांनी नऊ डबे उलटे केले, नऊ डबे हलवले. तेवढ्या वेळात सासऱ्यांनी चव बघण्याचं काम असं नेटाने केलं की बागवालीने उघडा डबा हळूच पलीकडे सरकवला. एक किलो घेतल्या. त्यातल्या पावभर जिना चढेपर्यंत संपल्या.

उरलेल्या टिकवायच्या कशा, याची लेबलसाहेबांनी चांगली दोन तास माहिती काढली. नरम पडलेल्या निवडून बाजूला काढल्या. त्यांची सासऱ्यांनी जागच्या जागी विल्हेवाट लावली. बाकीच्या धुतल्या, टॉवेलवर पसरल्या, पंखा पाचवर ठेवून खडखडीत कोरड्या केल्या. मग ताटांमध्ये एकमेकींना न चिकटतील अशा सुट्या मांडून फ्रीझरमध्ये. पुरत्या गोठल्यावर पिशव्यांत भरायच्या, म्हणजे त्यांचा गोळा होत नाही, हव्या तेवढ्याच काढता येतात.

आता सासऱ्यांचा हात बघता सामाईक पिशवी ठेवणं धोक्याचं होतं. म्हणून लेबलसाहेबांनी वाटण्या केल्या, माणशी एकशे दहा. आणि लॅबमधले जुन्या छपाईचे, रद्दीत निघालेले स्टिकर घरात पडून होतेच. त्यावर लॅबचं नाव छापलेलं होतं, आणि खाली रकाने. लेबलसाहेबांच्या हाताला रिकामा रकाना सहन होत नसे. त्यांनी चारही पिशव्यांवर सुवाच्य अक्षरात माहिती भरली. सगळ्यात वरच्या पिशवीवर ती अशी होती: नाव, सासूबाई. वर्णन, गोल, गडद निळे. नग, एकशे दहा. स्थिती, गोठवलेले. ब्लूबेरी हा शब्द कुठल्याच रकान्यात बसत नव्हता, आणि तो लिहायची गरज आहे असं त्यांना वाटलंही नाही.

मंगळवारी मायलेकी परत आल्या. दुपारी घरात सामसूम असताना सासूबाईंनी गुडघ्याला लावायला बर्फ हवा म्हणून फ्रीझर उघडला.

आता सासूबाईंचं ऑपरेशन कसलं होतं हे सांगायला हवं. पित्ताशयातल्या खड्यांचं. खडे काढले, सगळं ठीक आहे, असं सर्जन म्हणाले होते. ते किती होते, कसे होते, हे सासूबाईंनी तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा सर्जनने, आता त्यांचा विचार करू नका, असं हसून सांगितलं. खडे तपासायला गेले ते जावयाच्याच लॅबमध्ये. आणि आता त्याच लॅबच्या छापील स्टिकरखाली, आपल्या नावाच्या पिशवीत, काळेनिळे, हिमकण धरलेले, वाटाण्याहून मोठे एकशे दहा गोळे त्यांच्यासमोर होते. त्यांनी फ्रीझर लावला. बर्फ घ्यायचा राहूनच गेला.

त्या दिवसापासून सासूबाई विलक्षण गोड वागू लागल्या. लेकीने केलेल्या चहाला त्यांनी छान म्हटलं. टीव्हीचा रिमोट आपण होऊन नवऱ्याला दिला. आणि बुधवारी सकाळी त्याच नवऱ्याला हाताला धरून वॉशिंग मशीनसमोर उभं केलं, पावडर कुठे घालायची, पांढरे कपडे वेगळे का धुवायचे, मोजे कुठल्या खणात असतात, सगळं दोनदा समजावलं. सासरे निमूट शिकले. त्यांच्या मनात वेगळीच धास्ती होती. आपली पिशवी त्यांनी केव्हाच संपवली होती, आणि आदल्या संध्याकाळपासून ते बायकोच्या पिशवीला लागले होते. हिला सुगावा लागला असावा आणि ही शिक्षा असावी, असा त्यांनी हिशेब केला.

संध्याकाळी लेबलसाहेब आपला पांढरा कोट इस्त्री करत होते. बायको अजून ऑफिसातून यायची होती. सासूबाई येऊन समोर बसल्या आणि बराच वेळ इस्त्रीकडे बघत राहिल्या.

"जावईबापू, फ्रीझरमधलं मी पाहिलं," त्या म्हणाल्या.

"पाहिलंत का? मग आता लपवण्यात काही अर्थ नाही."

"एकशे दहा?"

"दोनदा मोजले. फुटलेले होते ते वेगळे काढले, ते यात धरलेले नाहीत."

सासूबाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. लेबलसाहेब कॉलरच्या टोकाशी झटत होते.

"किती दिवस आहेत म्हणायचं?"

"नीट सांभाळलं तर आठ-दहा महिने काही होत नाही," लेबलसाहेब म्हणाले. "त्यानंतर मात्र खरं नाही."

"आणि लेकीला सांगितलंत?"

"अजून नाही. अचानक कळू दे म्हटलं. तुम्हीही एवढ्यात काही बोलू नका."

सासूबाई उठल्या, जावयाच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि आत गेल्या. सासूबाई फळं बघूनसुद्धा किती खूश झाल्या, असं लेबलसाहेबांना वाटलं. त्यांनी समाधानाने दुसरी बाही घेतली.

आत जाऊन सासूबाईंनी मुलाला फोन लावला. तो तीन तासांच्या अंतरावर राहायचा. तसं घाबरण्यासारखं काही नाही, पण एकदा येऊन भेटून जा, घाई नाही, फक्त उशीर करू नको, एवढंच त्या बोलल्या. असा फोन आल्यावर कुठला मुलगा थांबेल? गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो संध्याकाळी दारात हजर झाला. आईने त्याला बाल्कनीत नेऊन हळू आवाजात सगळं सांगितलं. आत आला तो थेट लेबलसाहेबांसमोर उभा राहिला. डोळे लाल झाले होते.

"भावजी, तुम्ही लॅबमधले आहात. मला खरं सांगा. आईला किती दिवस दिलेत?"

लेबलसाहेबांची बायको नेमकी तेव्हाच घरात शिरत होती. तिच्या हातातली पर्स तिथेच पडली. काय झालं आईला, असं ती विचारते आहे, भाऊ सांगायला तयार नाही, लेबलसाहेब एकदा याच्याकडे एकदा तिच्याकडे बघताहेत, आणि सासूबाई सोफ्यावर ताठ बसून, मी शांत आहे, माझ्यासाठी कुणी रडू नका, असं समजावताहेत. घरात असा गोंधळ चालू असताना स्वयंपाकघरातून सासरे बाहेर आले. एका हातात दह्याची वाटी. दुसऱ्या हातात, फ्रिजमध्ये ठेवायची विसरलेली, ती पिशवी.

सासूबाईंनी स्टिकर ओळखला. मग वाटीत पाहिलं. दही जांभळं झालं होतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "काय खाताय ते?"

सासऱ्यांनी पिशवी पाठीमागे नेली, पण वेळ गेली होती.

"तुझेच आहेत," ते ओशाळून म्हणाले. "माझे परवाच संपले."

सासूबाईंच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून खालच्या मजल्यावरच्यांनी खिडकी उघडली. मुलाने झेप घेऊन वाटी हिसकावली. थुंका, थुंका, असं सगळे ओरडू लागले, आणि सासऱ्यांनी घाबरून तोंडात होतं तेही गिळलं. दह्याबरोबर बरे लागतात, थोडे आंबट आहेत इतकंच, असा खुलासाही त्यांनी केला.

लेबलसाहेबांना सगळं उमगायला याहून थोडा जास्त वेळ लागला. "फुटलेले वेगळे काढले" हे आपलंच वाक्य त्यांना आठवलं, आणि त्यांचे कान तापले. त्यांनी वाटीतला एक दाणा उचलला, सुरीने मधोमध कापला आणि बशीत घालून सासूबाईंपुढे धरला. साल निळी, आत हिरवट पांढरा गर, मध्ये बारीक बिया. फळ आहे, ब्लूबेरी म्हणतात, रविवारी टेम्पोवरून आणली, असं त्यांनी खाली मान घालून सांगितलं.

सासूबाईंनी तो अर्धा दाणा बराच वेळ निरखला. मग जिभेवर ठेवला.

"फळ आहे," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या, आणि रडता रडता हसायला लागल्या. बायको हसत हसत पडलेल्या पर्सशेजारीच बसली. फक्त मेव्हण्याला हसू येईना. तीन तास गाडी हाकत आलो ते या फळांसाठी, असं तो भिंतीला सांगत होता. मग त्याच्या पुढ्यातही वाटी आली आणि त्याने दोन वेळा मागून घेतलं. उरलेल्या पिशव्या फोडल्या गेल्या. अर्धवट विरघळलेल्या ब्लूबेऱ्या दाताखाली थंडगार फुटत होत्या, सगळ्यांच्या जिभा जांभळ्या झाल्या होत्या, आणि दहा महिने टिकवायचा माल पाऊण तासात संपत आला तरी लेबलसाहेबांनी चकार शब्द काढला नाही. खरं तर त्यांना छान वाटत होतं.

सासूबाईंनी वाटी पुसून खाल्ली, चमचा खाली ठेवला आणि मग त्यांच्या कपाळावर एक बारीक आठी पडली.

"मग माझे खडे कुठे आहेत?"

अहवाल दिल्यावर महिनाभर ठेवतात, नंतर नष्ट करतात, तसा नियमच आहे, आणि तो महिना उलटून गेला, असं लेबलसाहेबांनी सांगितलं.

"म्हणजे टाकले. मला न दाखवता." त्यांनी रिकामी वाटी पलीकडे सरकवली. "होते तरी किती?"

अहवालात आकडा नव्हता. "नोंद 'अनेक' अशी आहे," लेबलसाहेब म्हणाले.

"अनेक," सासूबाई म्हणाल्या. "बाजारातली फळं दोनदा मोजलीत. आणि मी इतकी वर्षं पोटात सांभाळले, ते नुसते अनेक."

यावर लेबलसाहेबांनी सगळ्यांच्या वाट्या गोळा केल्या आणि त्या धुवायला आत गेले.