शिकारीची रंगीत तालीम

नियोजन करावं तर मी! आमच्या आयडाहोच्या डोंगरात शिकारी पुष्कळ, पण सगळे बंदूक खांद्याला लावली की निघाले, असे. मला ते जमत नाही. मूस म्हणजे काय ससा आहे? जात हरणाची, पण उंची घोड्याहून जास्त आणि शिंगं बाजेएवढी! त्यात सरकारी जंगलातल्या मूसचा परवाना सोडतीत निघतो, तोही जन्मात एकदाच.

माझे सासरे एल्डन उभा जन्म त्या सोडतीत नाव घालत आले. कधी लागलं नाही. मी यंदा पहिल्यांदाच गंमत म्हणून घातलं, आणि लागलं! सासरे एवढंच म्हणाले, "छान झालं." त्या रात्री जेवताना मी मीठ मागितलं, तर त्यांनी मिरपूड सरकवली.

"बाबांना बरोबर नेणार असशील तरच जा," बायको म्हणाली. जोलीन हळू बोलली की समजावं, प्रकरण गंभीर आहे. "त्यांना एकदा तरी मूस जवळून बघू दे रे."

म्हणून मी रंगीत तालीम ठरवली. हंगामाच्या आधीच्या शनिवारी, बंदुकीशिवाय. गावाच्या वर, ओढ्याकाठच्या वाळुंजाच्या झुडपांत मूस चरायला येतात. तिथे मूसच्या जागी पर्लला बांधायचं. पर्ल हे सासऱ्यांचं खेचर. रंगानं तपकिरी, स्वभावानं मुख्याध्यापिका! मी झाडीतून मूसच्या मादीचा आवाज काढणार, सासरे खुर्चीत बसून चुका सांगणार.

"आणि खराच आला तर?" सासऱ्यांनी विचारलं.

"भर उन्हात मूस येत नसतात, बाबा. मी सगळं वाचलंय."

"त्यांनी वाचलंय का?"

मी दुर्लक्ष केलं. तोंडाशी ओंजळ धरून हाक दिली, "म्वाऽऽआऽऽ!"

"पोट दुखतंय का रे?"

"मादी बोलावतेय, बाबा!"

"मला वाटलं डॉक्टरला बोलावतेय."

मी हाका देत राहिलो. सासरे डुलक्या घेऊ लागले. आणि एकाएकी मागची झाडी अशी कडाडली, की वाटावं कुणी कपाट लोटत आणतंय! पुढचं मला आठवतं ते पाइनच्या फांदीवरून. अंगणातला दिवा बदलायला स्टुलावर चढताना ज्याचे पाय लटपटतात, तो मी!

मूस सरळ सासऱ्यांच्या खुर्चीपाशी येऊन उभा राहिला.

"बाबा!" मी वरून कुजबुजलो.

"ओरडू नकोस. दिसतोय मला."

त्याच्या श्वासानं त्यांच्या टोपीची कड हलत होती. म्हातारा जागचा हलला नाही. देवळात बसावं तसा बसला होता. डोळे भरून आलेले.

"किती देखणा आहे रे," ते म्हणाले.

देखण्याचं लक्ष मात्र पर्लकडे! त्यानं जवळ जाऊन तिचा कान हुंगला. पर्लनं अशी लाथ घातली, की दुसऱ्या कुणी वैराग्यच घेतलं असतं. हा आणखीच प्रेमात पडला! पर्लनं दोर तोडला आणि ती घराकडे सुटली. तिच्यामागे मूस, आणि मूसमागे आम्ही. कारण जेवणाचे डबे पर्लच्या पाठीवर होते!

घरी पोचलो तर जोलीन व्हरांड्यात झाडू घेऊन उभी. "लायल! तालमीला गेला होतास की स्थळ बघायला?"

आमच्या कुंपणात मूस उभा होता. आणि मुख्याध्यापिकाबाईंनी त्याच्या पाठीवर हनुवटी टेकली होती!

हंगाम सुरू झाला तरी तो तिथेच. वस्तीत गोळी झाडता येत नाही. पण नियोजन करावं तर मी! पर्लला परत जंगलात न्यायचं, तो आपोआप मागे येईल, मग काय! पहाटे दोर घेऊन गेलो, तर फाटकात सासरे उलट्या बादलीवर बसलेले. मागे तो प्राणी जोलीनची फुलझाडं चघळत होता.

"उठा बाबा, फाटक उघडायचंय."

"उठत नाही."

"अहो, जन्मात एकदाच मिळणारा परवाना!"

"असू दे. पर्लला मी लहानाची मोठी केली. तो आता या घरचा जावई झाला. जावयाला कुणी गोळी घालतं का?"

मी दोर गुंडाळून खिशात ठेवला. या घरचा जावई मीही आहे. हा नियम त्यांना मोडायला लावण्यात माझाच तोटा होता!